ट्यूक्सबरीचे चर्च आणि ‘रिस्टोरेशन’ या शब्दाचा घोळ

इंग्लंडमधील ट्यूक्सबरीच्या चर्चला आजही ‘ॲबी’ (म्हणजे मठाचे चर्च) म्हणतात. प्रत्यक्षात १५४० मध्ये मठ बंद झाल्यापासून ते गावाचे पॅरिश चर्च, म्हणजे स्थानिक वस्तीचे साधे चर्च आहे. मठाची इमारत पाडली जाणार होती. तेव्हा घंटा आणि छताचे शिसे यांची किंमत म्हणून ४५३ पौंड भरून गावकऱ्यांनी चर्च वाचवले. पूर्वेकडील लेडी चॅपल (मेरीमातेचे प्रार्थनादालन) मात्र गेले.

११२१ मध्ये अभिषेक झालेल्या या वास्तूचे सारे वैशिष्ट्य तिच्या विसंगतीत आहे. मुख्य दालनातील चौदा गोल खांब नॉर्मन काळातले, सुमारे ३० फूट उंच आणि अंगाने भक्कम. त्यांच्यावरचे नक्षीदार दगडी छत चौदाव्या शतकातले. हे छत खांबांच्या माथ्यावरूनच सुरू होते, त्यामुळे वरच्या खिडक्या चेपल्यासारख्या दिसतात. पश्चिमेची भव्य कमान बाराव्या शतकातली, तर तिच्यातली खिडकी, आधीची वादळात पडल्यावर, १६८६ मध्ये बसवलेली. अशा इमारतीचे ‘मूळ रूप’ कोणते मानायचे?

एकोणिसाव्या शतकातील वास्तुविशारदांना हा प्रश्न फारसा पडत नसे. एक काळ आदर्श मानायचा, नंतरची भर काढून टाकायची आणि हरवलेले भाग अंदाजाने घडवायचे, यालाच ते ‘रिस्टोरेशन’ म्हणत. भिंतींचा जुना चुन्याचा गिलावा खरवडून दगड उघडा करणे हा त्यातला नेहमीचा प्रकार, आणि गिलाव्याबरोबर मध्ययुगीन भित्तिचित्रेही जात. आपल्याकडील ‘जीर्णोद्धार’ या शब्दाने हा अर्थ पुरता सांगता येत नाही, कारण त्यात पुण्याची छटा आहे. पण जुन्या दगडी देवळाच्या गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स पाहिलेल्या वाचकाला वादाचे मर्म लगेच कळावे.

ट्यूक्सबरीचे काम १८७५ मध्ये त्या काळच्या सर्वांत नामांकित चर्च-वास्तुविशारदाकडे गेले. मार्च १८७७ मध्ये एका कवी-कारागिराने सकाळच्या वर्तमानपत्रात याच कामासंदर्भात ‘रिस्टोरेशन’ हा शब्द वाचला आणि एका साप्ताहिकाला संतप्त पत्र लिहिले. त्याच महिन्यात जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था उभी राहिली. खरवडण्याला विरोध म्हणून तिला ‘अँटी-स्क्रेप’ हे टोपणनाव पडले. गळके छप्पर दुरुस्त करा, कललेल्या भिंतीला टेकू द्या, रोजची निगा राखा आणि बाकी हात लावू नका, असे तिचे म्हणणे होते. वास्तुविशारदाच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की मोडकळीला आलेली असंख्य चर्चे या पिढीच्या पैशाने आणि उत्साहाने टिकली.

पत्राने ट्यूक्सबरीचे काम थांबले नाही. १८७८ मध्ये वास्तुविशारद वारला आणि पुढल्या वर्षी काम पूर्ण झाले. ‘रोजची निगा’ मात्र हळूहळू नियमात उतरली: १९५५ च्या चर्चविषयक कायद्याने दर पाच वर्षांनी प्रत्येक पॅरिश चर्चची तज्ज्ञाकडून तपासणी बंधनकारक झाली.