इन्सुलिन-अवलंबी मधुमेहातील वजन नियंत्रण

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेकडून नष्ट होतात आणि इन्सुलिन आयुष्यभर बाहेरून घ्यावे लागते. जगवणारे हेच संप्रेरक चरबी साठवण्याचेही काम करते. त्यामुळे ‘कमी खा, जास्त चाला’ हा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. इन्सुलिनची मात्रा तीच ठेवून जेवण घटवले, तर शुगर घसरते.

निदानापूर्वी वजन झपाट्याने उतरते. रक्तातील ग्लुकोज डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेले की मूत्रपिंडांना ते पूर्ण अडवता येत नाही आणि ते लघवीवाटे वाहून जाते. दिवसाला १०० ग्रॅम ग्लुकोज असे गेले, तर ४०० कॅलरी, म्हणजे साधारण चार मध्यम पोळ्यांची ऊर्जा वाया जाते. पोटभर जेवणाऱ्या मुलाचे कपडे सैल होतात ते यामुळे. इन्सुलिन सुरू झाले की गळती थांबते आणि झडलेले वजन भरून येते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत ज्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले, तो १४ वर्षांचा लिओनार्ड थॉम्पसन उपासमारीच्या आहारावर हाडांचा सापळा झाला होता. त्या काळी दुसरा उपायच नव्हता.

पुढची वाढ मात्र अनेकांना खुपते. अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ रुग्णांवरच्या ‘डीसीसीटी’ या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. काटेकोर उपचारांनी डोळे, मूत्रपिंडे आणि नसांचे नुकसान मोठ्या प्रमाणात टळले, पण ते घेणाऱ्या गटाचे वजन पाच वर्षांत नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटापेक्षा सरासरी ४.६ किलोंनी जास्त वाढले. ही वाढ खादाडपणाची खूण नव्हे, हे रुग्णाला आणि घरच्यांना स्पष्ट सांगायला हवे.

वाढीचे एक मोठे कारण वारंवार ‘लो’ होणे, म्हणजे रक्तातील साखर फार खाली घसरणे, हे असते. रात्री दोन वाजता घामाने अंग भिजते, हात थरथरतात, भूक अनावर होते. शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन लहान चमचे, पाण्यात विरघळवून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. पण ती १५ मिनिटे फार लांब वाटतात. साखरेमागून चिवड्याचा डबा, मग बिस्किटे, मग उरलेला भात असे होते, आणि सकाळी शुगर ३०० दिसते. ती उतरवायला जादा इन्सुलिन, त्यातून पुन्हा लो. म्हणून जेवणाला कात्री लावण्याआधी लो का होतो, हे शोधावे. बेसल, म्हणजे दिवसभर संथपणे काम करणारे पायाभूत इन्सुलिन जास्त आहे का? एकाच जागी टोचून गाठी झाल्या आहेत का? अशा गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषले जाते.

वजन उतरवण्यासाठी इन्सुलिन चुकवणे जिवावर बेतते. किशोरवयीन मुली आणि तरुणींमध्ये हे विशेष आढळते. वजन उतरते खरे, पण रक्तात किटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्ले, साचतात, उलट्या, पोटदुखी, धाप सुरू होते आणि वेळेत उपचार न मिळाल्यास मृत्यू ओढवतो. अशा मुलीला रागावून उपयोग नाही. डॉक्टरांबरोबर समुपदेशकाचीही मदत लागते.

आहारात कर्बोदके मोजून त्याप्रमाणे जेवणापूर्वीच्या इन्सुलिनची युनिटे ठरवतात. उपवासाची साबुदाणा खिचडी हलकी समजली जाते, पण साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो, आणि दाण्याच्या कूट-तुपामुळे शुगर उशिरापर्यंत चढत राहते. डाळ, उसळ, दही आणि पालेभाजी घेतली की त्याच भुकेला कमी युनिटे पुरतात. चालणे-पोहण्याचा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो. म्हणून व्यायामाच्या दिवशी मात्रा किती घटवायची, हे डॉक्टरांशी आधी ठरवावे. नाहीतर जाळलेल्या कॅलरी लो सावरण्यातच परत पोटात जातात.

वजनकाटाही पूर्ण चित्र दाखवत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांमध्ये सडपातळ बांध्यातही चरबी जास्त असते, हे दाखवून दिले. म्हणून कंबर मोजावी: भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर मानतात. टाइप २ साठीची काही औषधे वजन घटवतात, पण तेवढ्यावरून टाइप १ मध्ये ती मनाने सुरू करू नयेत. त्यांतील ‘ग्लिफ्लोझिन’ गटामुळे शुगर फारशी चढलेली नसतानाही किटोन साचू शकतात.