ब्लूटूथ आपोआप कसं जोडलं जातं, आणि कधी अडतं

चोपडा, यावल, रावेर भागातून दुरुस्तीसाठी आमच्याकडे येणाऱ्या स्पीकरपैकी बरेच बिघडलेले नसतातच. ते दुसऱ्याच मोबाइलला जोडलेले असतात. तुमची फेरी वाचावी म्हणून हे लिहून देत आहोत.

पहिल्यांदा जोडताना स्पीकरचं बटण दाबून धरायचं, लाइट भराभर लुकलुकू लागला की मोबाइलच्या यादीतलं त्याचं नाव दाबायचं. हे झालं पेअरिंग. तेवढ्या वेळात दोन्ही उपकरणं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि एकमेकांच्या पत्त्यासोबत जपून ठेवतात. नंतर स्पीकर चालू केला की तो बहुतेक वेळा शेवटच्या मोबाइललाच हाक मारतो. मोबाइल जवळ असेल, त्याचं ब्लूटूथ चालू असेल आणि किल्ली जुळली, तर न विचारता जोडणी होते. याला नेट लागत नाही.

घोळ इथेच होतो. ट्रॅक्टरच्या टेपला काल मुलाचा मोबाइल जोडला होता. सकाळी वडील अंगणात ट्रॅक्टर चालू करतात, मुलगा घरात झोपलेला, पण टेप त्याचाच मोबाइल धरतो. वडिलांच्या मोबाइलवर गाणं लावलं तरी टेप गप्प! अशा वेळी मुलाच्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा, मग आपला जोडा.

नाव यादीत दिसतं पण जोडलं जात नाही, तेव्हा बहुधा एका बाजूची किल्ली पुसली गेलेली असते. मोबाइलमधून ते नाव ‘फॉरगेट’ करा, स्पीकर रिसेट करा (पद्धत खोक्यातल्या कागदावर असते) आणि नव्याने पेअर करा. नुसतं बंद-चालू करून हे सुटत नाही.

साध्या स्पीकरचा पल्ला मोकळ्यात साधारण १० मीटर धरा. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं, त्यामुळे केळीच्या बागेत, पाण्याने भरलेल्या खांबांआड, आवाज लवकर तुटतो. मोबाइल मागच्या खिशात असला तरी अंगाची आड येते. आधी तो पुढच्या खिशात ठेवून बघा.

पेअर करताना दोन्हीकडे सहा आकडी नंबर आला, तर तो सारखा आहे हे पाहूनच होकार द्या. अनोळखी नावाची विनंती आली तर नाकारा. ट्रॅक्टर किंवा गाडी विकताना टेपमधले मोबाइल आणि त्यात उतरलेले कॉन्टॅक्ट आठवणीने काढून टाका.

एवढं करूनही अडलं तर दुकानात या. पेअरिंग करून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. फक्त ज्या मोबाइलला जोडायचं तो सोबत आणा.