हुजूरबाजार, वसंत शंकर
(१५ सप्टेंबर १९१९ – १५ नोव्हेंबर १९९१). भारतीय गणिती सांख्यिक. पुणे विद्यापीठाच्या सांख्यिकी विभागाचे संस्थापक-प्रमुख. जन्म कोल्हापूरचा. केंब्रिज विद्यापीठात हॅरल्ड जेफ्रीझ यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून त्यांनी १९४९ च्या सुमारास पीएच्.डी. मिळविली. जेफ्रीझ मूळचे भूभौतिकीचे अभ्यासक आणि बेझप्रणीत अनुमानाचे (पूर्वीची समजूत नव्या निरीक्षणांनुसार संभाव्यतेच्या रूपात सुधारीत जाण्याच्या पद्धतीचे) खंदे पुरस्कर्ते. त्या बाबतीत सांख्यिकीतज्ज्ञ रॉनल्ड फिशर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झालेला. असे असूनही त्यांच्या या विद्यार्थ्याचे सर्वाधिक उल्लेखिले जाणारे काम फिशर यांच्या मॅक्झिमम लाइकलिहूड पद्धतीवर आहे.

हे काम १९४८ मध्ये ॲनल्स ऑफ यूजेनिक्स या नियतकालिकात एका निबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. (नियतकालिकाच्या नावावरून तर्क करू नये. फिशर यांच्या संपादनकाळापासून तेथे शुद्ध सांख्यिकीचे लेखन नियमित येत असे.) हाती आलेली निरीक्षणे प्राचलाच्या (वितरणाचे रूप ठरविणाऱ्या अज्ञात संख्येच्या) कोणत्या किमतीला अधिकात अधिक संभाव्य ठरतात, ते पाहून त्या किमतीला प्राचलाचा अंदाज मानणे, ही पद्धतीची मूळ कल्पना. व्यवहारात लाइकलिहूडच्या (प्राचलाच्या त्या त्या किमतीला निरीक्षणे किती संभाव्य ठरतात, ते सांगणाऱ्या फलनाच्या) लॉगरिदमचा अवकलज शून्य मानून समीकरण सोडवितात. या समीकरणाला अनेक मुळे असू शकतात, आणि अडचण तेथून सुरू होते. कोशी वितरणाचा (मध्याभोवती सममित, पण जाड टोकांच्या वितरणाचा) मध्यबिंदू काढताना न निरीक्षणांपासून (२न−१) घाताचे बहुपदी समीकरण मिळते. त्याची कित्येक मुळे वास्तव असू शकतात.

नमुना वाढत जाईल तसतसे प्राचलाच्या खऱ्या किमतीकडे जाणारे, म्हणजे सुसंगत, असे एक तरी मूळ असते, हे हाराल्ड क्रामेर यांनी १९४६ मध्ये नियमिततेच्या काही अटींखाली दाखविले होते. ‘एक तरी’ की ‘एकच’, हा प्रश्न मात्र उरला होता. हुजूरबाजारांचे उत्तर ‘एकच’ असे आहे, आणि त्याची सिद्धता आजही वाचण्यासारखी आहे. सुसंगत मुळाशी दुसऱ्या अवकलजाची किंमत ऋण असण्याची संभाव्यता नमुन्याबरोबर १ कडे जाते. म्हणजे असे मूळ हे स्थानिक शिखर असते. आता दोन सुसंगत मुळे आहेत असे मानू. दोन्ही शिखरांशी पहिला अवकलज शून्य, मग रोलच्या प्रमेयानुसार (दोन बिंदूंशी समान किंमत असलेल्या फलनाचा अवकलज मध्ये कोठे तरी शून्य होतो) त्यांच्या मधल्या कोणत्या तरी बिंदूशी दुसरा अवकलज शून्य होणार. पण तो बिंदू दोन सुसंगत मुळांच्या मध्ये सापडल्यामुळे तोही खऱ्या किमतीकडेच जातो, आणि तेथे दुसरा अवकलज ऋण असला पाहिजे. ही विसंगती आली की युक्तिवाद पुरा होतो.

या निष्कर्षाचा अर्थ पाठ्यपुस्तकांत कधीकधी ताणला जातो. समीकरणाला एकच मूळ असते, असे हुजूरबाजार म्हणत नाहीत. सुसंगत मूळ एकच असते, एवढेच म्हणतात. अनेक मुळांपैकी ते कोणते, हे ओळखण्याची रीत प्रमेयात नाही, आणि सर्वोच्च शिखर तेच सुसंगत मूळ, अशी हमीही नाही. ती हमी वेगळ्या अटींखाली एब्राहम वॉल्ड यांनी १९४९ मध्ये दिली. वॉल्ड यांचा मार्ग अधिक मूलगामी खरा, कारण त्याला अवकलजांची गरजच पडत नाही; मात्र त्याच्या अटी सर्वत्र पुऱ्या होत नाहीत. तेव्हा एकाने दुसऱ्याला कालबाह्य केले असे म्हणण्यापेक्षा दोन्ही निष्कर्ष एकमेकांना पूरक मानणे सयुक्तिक. कोशी वितरणाबाबत पुढे १९८५ मध्ये जे. ए. रीड्स यांनी दाखविले, की नमुना कितीही मोठा केला तरी फसव्या स्थानिक शिखरांची संख्या नाहीशी होत नाही. ती प्वासाँ वितरणाकडे झुकते आणि तिची सरासरी सुमारे ०.३२ राहते.

प्राचल एकाहून अधिक असताना काय होते, हा त्यापुढचा भाग. के. सी. चंदा यांनी १९५४ मध्ये निष्कर्षाचा तसा विस्तार केला. परंतु रोलचे प्रमेय अनेक चलांना जसेच्या तसे लागू होत नाही, आणि चंदा यांच्या सिद्धतेतील ही उणीव टॅरोन व ग्रुएनहेग यांनी १९७५ मध्ये दाखवून तिची दुरुस्तीही केली.

जेफ्रीझ यांचा ठसा हुजूरबाजारांच्या इतर लेखनात अधिक स्पष्ट आहे. दोन प्राचलांचे अंदाज एकमेकांत किती गुंततात ते दाखविणारा, फिशर यांच्या माहिती-सारणीतील तिरपा घटक शून्य व्हावा अशा रीतीने प्राचल बदलून घेणे, म्हणजे लंबकोनी प्राचल निवडणे, ही जेफ्रीझ यांची कल्पना. प्रसामान्य वितरणाचे मध्य व प्रचरण मुळातच असे असतात. दोन प्राचलांसाठी अशी निवड कशी करता येते, याचा विचार हुजूरबाजारांनी १९५० च्या निबंधात केला. प्राचल चार किंवा अधिक झाले की अटींची संख्या (प्रत्येक जोडीमागे एक, म्हणजे चारांसाठी सहा) अज्ञात फलनांहून जास्त होते, म्हणून सर्वसाधारणपणे मार्ग खुंटतो. १९८७ मध्ये डी. आर. कॉक्स व नॅन्सी रीड यांनी केवळ एका महत्त्वाच्या प्राचलाला इतरांशी लंबकोनी करण्याचा मर्यादित प्रश्न घेतला, तेव्हा हे जुने निबंध पुन्हा चर्चेत आले. पर्याप्त संख्यानके (प्राचलाविषयीची नमुन्यातील सर्व माहिती सामावणाऱ्या राशी) असलेल्या वितरणांसाठी जेफ्रीझ यांच्या निश्चलांची, म्हणजे प्राचल बदलून घेतले तरी न बदलणाऱ्या राशींची, नेमकी रूपेही हुजूरबाजारांनी काढली (१९५५). पर्याप्ततेवरील त्यांचे निवडक लेखन १९७६ मध्ये न्यूयॉर्क येथून ग्रंथरूपाने निघाले.

पुण्याच्या विभागाची स्थापना १९५३ ची मानली जाते. १९७६ पर्यंत हुजूरबाजार प्रमुखपदी होते. मधल्या काळात, १९६२–६४ मध्ये, ते आयोवा स्टेट विद्यापीठात अध्यापन करीत होते, आणि १९७९ पासून अखेरपर्यंत डेन्व्हर विद्यापीठात प्राध्यापक होते. केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक (१९६०), पद्मभूषण (१९७४) आणि अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनचे सन्माननीय सदस्यत्व (१९८३) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान. त्यांच्या दोन कन्यांनीही सांख्यिकी हाच विषय व्यवसाय म्हणून स्वीकारला.