निकाल १०० टक्के, पण बाळाचा श्वास मोजता येतो का?

निकाल लागले की विदर्भातल्या तालुक्यांत एसटी स्टँडसमोर नर्सिंग शाळांचे फ्लेक्स झळकतात: ‘निकाल १०० टक्के’. मुलींच्या मेहनतीबद्दल शंकाच नाही. पण पेपरने तपासलं काय?

अभ्यासक्रमातलं एक उद्दिष्ट घ्या: तान्ह्या बाळाला न्यूमोनिया असू शकतो हे ओळखता येणं. फळ्यावर लिहिलं जातं, ‘दोन महिन्यांखालचं बाळ, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, म्हणजे धोका.’ पेपरात तोच आकडा विचारतात. ६० लिहिलं की गुण मिळाले. शिकवायचं होतं ओळखणं, तपासलं गेलं पाठांतर.

आता प्रत्यक्ष बाळाकडे या. नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. ते भराभर श्वास घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, पुन्हा सुरू होतं. श्वासावरचं मेंदूचं नियंत्रण अजून पक्कं झालेलं नसतं. एरवी बाळ ठीक असेल तर हा आजार नव्हे. म्हणूनच १५ सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे घात करते. भराभर चालणारा टप्पा सापडला, १७ मोजले, तर उत्तर ६८: धडधाकट बाळ आजारी ठरलं. मधला थांबा सापडला, ९ मोजले, तर ३६: खरंच आजारी असलेलं बाळ घरीच राहिलं. एका श्वासाची चूक चौपट होते. त्यामुळे पूर्ण मिनिट मोजायचं. बाळ शांत असताना, दुपटं बाजूला सारून, पोटाच्या हालचालीवर नजर ठेवून. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा. रडणाऱ्या, दूध पिणाऱ्या बाळाचा आकडा धरायचा नाही.

हे काही लेखी पेपरात दिसत नाही. उद्दिष्ट, शिकवणं आणि परीक्षा एकाच दिशेला हवीत, ही मांडणी शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ साली केली. त्याआधी, १९९० मध्ये, वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी कौशल्य तपासण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: माहीत असणं, कसं करायचं ते सांगता येणं, करून दाखवणं, रोजच्या कामात करणं. तिसऱ्या पायरीसाठी रोनाल्ड हार्डन यांची ‘ऑस्की’ परीक्षा १९७५ पासून आहे: ठरावीक वेळेची स्टेशनं, म्हणजे एकेका कामाची टेबलं, सगळ्यांना तेच काम, तीच चेकलिस्ट.

गडचिरोलीत डॉक्टर दांपत्य अभय आणि राणी बंग यांनी निरक्षर बायकांनाही श्वास मोजता यावा म्हणून मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधन बनवलं. काय करता यायला हवं ते आधी ठरलं, साधन त्यातून आलं.

मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याचे प्रकार अजूनही घडतात. या अघोरीपणावर नुसत्या भाषणांचा उपाय चालत नाही. आई बाळाला उपकेंद्रात घेऊन येते, तेव्हा सिस्टरला तिथल्या तिथे श्वास मोजून ‘आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला’ असं ठामपणे सांगता आलं पाहिजे.

एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरच्या अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिकात असं एक स्टेशन उभारायला स्मार्ट बोर्ड लागत नाही. मोबाइलवर बाळाचा व्हिडिओ, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि शेजारी स्वतःही मोजणारा परीक्षक, बस. हे परीक्षेला येतं असं एकदा कळलं, की मुली वॉर्डात आपणहून बाळांपाशी घड्याळ घेऊन उभ्या राहतील.