बारावी झाली, आता लॉ: ही वाट पडली कशी?

बारावीचा निकाल लागला की नाशिकमधल्या बऱ्याच घरांत एकच संवाद घडतो. मुलगी म्हणते, "मला लॉ करायचंय." घरातलं एखादं मोठं माणूस म्हणतं, "मग आधी बी.ए. तर हो!" दोघांपैकी चुकत कुणीच नसतं. दोघांच्या मधल्या काळात कायद्याच्या शिक्षणाचं दारच एका जागेवरून दुसऱ्या जागी गेलं आहे.

जुनी वाट पाहायची तर आपल्याच जिल्ह्यातल्या निफाडला जन्मलेल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे पाहावं. 1862 साली बी.ए., 1866 साली एलएलबी. मुंबईत कायद्याचं सरकारी शिक्षण 1855 पासून सुरू झालेलं होतं आणि 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ आलं. आधी पदवी आणि मग कायदा हा क्रम तेव्हापासून रुजला. अर्थात कोर्टात उभं राहणारे सगळेच एलएलबी नव्हते. वकिलीची वेगळी परीक्षा देऊन सनद मिळवणारे प्लीडर जिल्ह्याच्या कोर्टांत बरीच वर्षं कामं चालवत. सनद हा शब्द तिथूनच आपल्या बोलण्यात पक्का बसला असावा. आजही कोणी "वकील झाला" असं म्हणण्याऐवजी "सनद मिळाली" असंच म्हणतं.

1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने ही सरमिसळ मोडली. देशभर अ‍ॅडव्होकेट हा एकच वर्ग, आणि शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचं काम बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेकडे. 12 मार्च 1967 नंतरच्या कायद्याच्या पदवीसाठी आधीच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. तोवर अनेक ठिकाणी दोनच वर्षं पुरत.

वर्षं वाढली, पण गांभीर्य लगेच वाढलं असं नाही. कायद्याच्या शिक्षणाची अवस्था वाईट असल्याचं विधी आयोगाने 1958 च्या चौदाव्या अहवालात स्पष्टपणे लिहून ठेवलं होतं. सकाळी कॉलेज आणि दिवसा नोकरी, किंवा दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कॉलेज, अशी लॉ करणारी पिढी आपल्याकडे सगळ्यांनी पाहिली आहे. त्यातून उत्तम वकील निघालेच. तरी "दुसरं काही जमलं नाही तर लॉ आहेच" हा टोमणाही त्याच काळातला.

मुलांना कोवळ्या वयातच पूर्ण वेळ कायद्यात आणायचं, हा त्यावरचा उपाय. तो सुचला तरी आधी त्यासाठी बारावी असायला हवी होती! महाराष्ट्रात जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी-बारावीची रचना आली सत्तरच्या दशकात. त्यानंतर 1982 मध्ये बार कौन्सिलने बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे नियम केले. तेव्हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम बंद करण्याचाच विचार होता. विरोध झाला, आणि दोन्ही वाटा शेजारी शेजारी राहिल्या. या नव्या कल्पनेचा नमुना ठरलं ते बंगळूरचं राष्ट्रीय विधी विद्यालय. कायद्याचे प्राध्यापक माधव मेनन यांनी ते उभं केलं आणि 1988 मध्ये तिथली पहिली तुकडी बसली.

नाशिकची कॉलेजं पुणे विद्यापीठाशी संलग्न, त्यामुळे इथे ही वाट बीएसएल या नावाने ओळखीची झाली. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांच्या जोडीला कायदा. तीन वर्षांनी बीएसएलची पदवी हातात, पाच वर्षांनी एलएलबी. मधेच सोडलं तरी मूल पदवीधर होतं, हा घरच्यांना मोठा दिलासा असायचा. आता बी.ए. एलएलबी हे नाव जास्त चालतं. जुने वकील मात्र अजूनही "बीएसएलला आहेस का?" असंच विचारतात.

बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनी उंबरठा आणखी ठळक केला. बारावीला खुल्या वर्गासाठी 45 टक्के, इतर मागासवर्गीयांसाठी 42, अनुसूचित जाती-जमातींसाठी 40. वयाची अटही घातली: पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला खुल्या वर्गासाठी 20 वर्षं. ती अट 2013 मध्ये मागे घेतली गेली, 2016 मध्ये परत आली आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. एवढ्या वेळा आत-बाहेर झालेली अट क्वचितच सापडेल.

याच नियमांतली एक तरतूद नाशिकला जास्त जवळून लागते. शालेय पायरी न चढता थेट मुक्त पद्धतीने बारावी किंवा पदवी घेतली असेल तर लॉचं दार बंद. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या शहरालगत आहे. दहावी-बारावी हुकलेल्यांना पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीपर्यंत नेण्याचं मोठं काम त्या विद्यापीठाने केलं. त्या पदवीने नोकरी-बढतीच्या वाटा खुल्या झाल्या, पण काळा कोट मात्र नाही. नियमामागचा तर्क समजतो. तरी शिक्षण अर्धवट सुटलेल्या माणसाला वकिली मुद्दाम नाकारावी, हे मला पटत नाही.

2016 पर्यंत आपल्याकडचा प्रवेश मुख्यतः बारावीच्या टक्क्यांवर आणि कॉलेजच्या नोटीस बोर्डावरच्या मेरिट लिस्टवर व्हायचा. त्या वर्षी राज्याची लॉ सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, आली. 150 प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत, आणि पेपर मराठीतही, असं तिचं सुरुवातीचं रूप. निफाड-सिन्नरच्या मुलांसाठी त्यातली मराठीची सोय फार मोलाची ठरली. मग कॅप राउंड, अलॉटमेंट, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेयर हे शब्द घराघरात शिरले. 2020 साली तर कोविडमुळे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची परीक्षाच ऑक्टोबरमध्ये झाली.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट ही प्रवेश परीक्षा निराळी गोष्ट. 2008 पासूनची, फक्त इंग्रजीतून, चुकीला गुण वजा. अलीकडे ती डिसेंबरमध्ये होते, म्हणजे बारावीच्या बोर्डाआधीच. महाराष्ट्रात अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. नाशिकच्या मुलाने क्लॅट काढली की घर सोडायचंच.

आणि "आधी बी.ए. हो" म्हणणाऱ्यांची वाट? ती बंद झालेली नाही. बँकेतून निवृत्त झालेले काका आजही तीन वर्षांच्या वर्गात पहिल्या बाकावर दिसतात. फक्त आता त्यांनाही सीईटी द्यावी लागते.