वस्ती (सोलापूर जिल्हा)

वस्ती म्हणजे गावठाण सोडून रानात, आपल्या बागेच्या कडेला बांधलेलं घर, किंवा अशा दोन-चार-दहा घरांचा पुंजका. सोलापूर जिल्ह्यात 11 तालुके आहेत, त्यातल्या सांगोला, माळशिरस, पंढरपूर, माढा, करमाळा या बाजूला कागदावर गाव एक असतं पण माणसं राहतात दहा-पंधरा वस्त्यांवर, आणि गावठाणात उरतं काय तर ग्रामपंचायत, पीककर्ज देणारी सोसायटी, मारुतीचं देऊळ, एक-दोन किराणा दुकानं आणि पारावर बसलेली म्हातारी माणसं. शहरात वस्ती म्हटलं की झोपडपट्टी डोळ्यासमोर येते, सोलापूर शहरात पण तसंच आहे, पण तालुक्याला गेलात तर स्लॅबचा बंगला, दारात ट्रॅक्टर, मागं शेततळं आणि चारी बाजूला डाळिंब, ही पण वस्तीच. जुनी माणसं मळा म्हणायची, विहीर असली की मळा, नसली की नुसतं रान. आता दोन्हीला सरसकट वस्तीच म्हणतात.

नाव बहुतेक भावकीवरून पडतं. शिंदे वस्ती, गायकवाड वस्ती, माने वस्ती, आणि एकाच गावात दोन शिंदे वस्त्या असल्या की मग वरली शिंदे वस्ती आणि खालली शिंदे वस्ती, किंवा ओढ्याकडली. जातीवरून पडलेली नावं बदलायचा निर्णय सरकारनं डिसेंबर 2020 मध्ये घेतला, पाट्या बऱ्याच ठिकाणी बदलल्या, तोंडातली नावं बदलायला अजून वेळ लागेल.

लोक रानात का गेले

सोपं उत्तर म्हणजे पाणी. इथला पाऊस वर्षाला साधारण 500 ते 600 मिमी, तोही लहरी. ज्वारीचं रान असेल तर गावात राहून जाऊन-येऊन शेती होते, पेरणी, कोळपणी, राखण, काढणी, बाकीचे दिवस रान आपलं आपण असतं. बागेचं तसं नसतं. बागेला रोज माणूस लागतो. आधी विहिरी आणि मोटा, मग माळशिरस-सांगोल्याकडं नीरा उजवा कालवा, मग 1980 ला भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं (एकूण साठा सुमारे 117 टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांच्या खालचं पाणी, म्हणून तर उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेल्याच्या बातम्या येतात). आणि 1990 पासून रोजगार हमीतून फळबाग लावायची योजना आली, तिनं सांगोल्यासारख्या माळरानाचं रूपच बदललं, जिथं कुसळं उगवायची तिथं गणेश आणि नंतर भगवा डाळिंब आलं. सोलापूर डाळिंबाला 2016 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळाला, आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र 2005 पासून सोलापूरजवळ केगावला आहे.

पण माझ्या मते माणसं रानात गेली त्याला पाण्याइतकीच लाईट कारणीभूत आहे. शेतीच्या थ्री फेजला आठ तास लाईट, आणि ती आठवड्यानं दिवस-रात्र बदलती. रात्री बाराला लाईट येणार असेल तर गावातून तीन किलोमीटर बॅटरी घेऊन, साप-विंचू बघत कोण जाणार? मग आधी मोटारीपाशी एक सप्पर होतं, त्यात बाज येते, मग पत्र्याचं शेड, मग म्हशी तिकडं जातात, म्हशीमागं म्हातारा जातो, आणि दोन वर्षांत सगळं घर तिकडंच. आता मोबाईलवरून मोटार चालू करायचे ऑटो आले, तरी डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडाला तर मोबाईल काय करणार. राखण हे दुसरं कारण. डाळिंबाची चोरी होते, केबल चोरतात, डीपीतलं तेल आणि तांबं पण चोरतात.

मालमत्ता

वस्तीवरच्या माणसाला जमीन किती विचारलं तर तो एकर सांगतो, पण खरी मालमत्ता एकरात मोजत नाहीत. दोन गोष्टी बघायच्या, विहिरीत पाळी (पाणी घ्यायचा वार) किती आणि वाट कुठून. या दोन्ही पक्क्या असतील तर दोन एकरवाला सुखात असतो, नसतील तर दहा एकरवाला तहसीलच्या पायऱ्या झिजवतो.

कागद असे असतात. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि 12, सातवर मालक आणि हक्क, बारावर पीक. 8अ वर खात्याची एकूण जमीन, फेरफार म्हणजे मालकीतल्या बदलाची नोंद, नमुना 6. पिकाची नोंद आधी तलाठी गावात बसून करायचा, 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीचं ॲप आलं, आता शेतकऱ्यानंच रानात उभं राहून फोटो काढायचा, आणि रेंज नेमकी तिथंच नसते. क्षेत्र कागदावर हेक्टर-आरमध्ये, बोलण्यात एकर-गुंठ्यात, 40 गुंठ्यांचा एकर, गुंठा 1089 चौरस फूट. पोटखराब्यात (कागदावर पिकाला नालायक लिहिलेल्या तुकड्यात) आज बाग उभी असली तरी कागदावर ते खडकच.

वाटणीचा भाग जरा सविस्तर सांगायला पाहिजे कारण वस्ती त्यातूनच वाढते. बाप असतो तोवर एक चूल, मग तीन भावांच्या तीन चुली, मग तीन घरं एकाच अंगणाभोवती, आणि मग एक जण म्हणतो मी पलीकडच्या तुकड्यात जातो. तोंडी वाटणी पंचवीस वर्षं चालते, सातबारा मात्र सामाईकच. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 85 नं तहसीलदाराकडून वाटप करून घेता येतं, पण त्याला सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि भांडण झाल्याशिवाय कुणाला वाटप सुचत नाही, भांडण झाल्यावर कुणी सही करत नाही. शिवाय 1947 चा तुकडेबंदी कायदा आहे, त्यात 2023 पासून जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ही कमीत कमी मर्यादा धरली गेली. जमीन उभी वाटायची का आडवी यावर पण तंटा होतो, कारण उभी वाटली तर प्रत्येकाला रस्त्याचं तोंड मिळतं पण पट्टे चिंचोळे होतात, आडवी वाटली तर मागचा भाऊ कोंडला जातो. मी बघितलेल्या निम्म्या भांडणांचं मूळ हा आडवा बांध आहे.

बहिणींचं बोलायलाच पाहिजे. महाराष्ट्रात 1994 च्या दुरुस्तीनं आणि देशभर 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे. वस्तीवर मात्र बहीण हक्कसोड पत्रावर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही करून देते, बदल्यात साडी-चोळी, दिवाळीला बोलावणं आणि डाळिंबाची दोन कॅरेट. जी सही करत नाही तिचं माहेर तुटतं असं बोललं जातं, अलीकडं काही जणी सही न करता माहेरी येतात आणि भाऊ गप्प बसतात, हा बदल मला तरी मोठा वाटतो. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजना 1992 पासून आहे, वापरणारे थोडे.

पाळी म्हणजे सामाईक विहिरीचं वेळापत्रक. चार भावांच्या विहिरीत चार दिवसांची पाळी, म्हणजे लाईटच्या आठ तासांचा एक दिवस तुझा, एक माझा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात कधी विहिरीतला हिस्सा लिहिलेला असतो, 'चार आणे', 'दोन आणे' असा, पण कुणाची पाळी कोणत्या वारी ते कुठंच लिहिलेलं नसतं, ते बायकांच्या पाठ असतं. लाईट गेली तर पाळी बुडाली का पुढं ढकलायची, यावर प्रत्येक वस्तीचा वेगळा कायदा. ठिबक आल्यापासून ताण कमी झाला, मग प्रत्येकानं बोअर घेतला, मग विहीरच आटली. आता ज्याला परवडतं तो प्लॅस्टिक कागदाचं शेततळं करतो आणि आपल्या पाळीचं पाणी त्यात साठवून ठेवतो, तो मे महिन्याचा मालक.

घराची गंमत वेगळीच. लाखो रुपयांचा बंगला, पण तो उभा शेतजमिनीवर, गावठाणाच्या बाहेर, जमीन चार भावांच्या नावावर, एनए (बिगरशेती) नाही. हातात फक्त ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मालमत्ता पत्रकं देणं सुरू झालं, पण ते गावठाणापुरतं, म्हणजे गावातल्या पडक्या माळवदाला (मातीच्या धाब्याच्या घराला) कार्ड मिळालं आणि वस्तीवरचा बंगला कर्जाला तारण म्हणून चालेना.

वाट

गाव नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेघेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेघेनं दाखवतात. नकाशात नसलेली पण वहिवाटीची अशी तिसरी वाट असते आणि बहुतेक वस्त्या त्याच तिसऱ्या वाटेवर आहेत. बैलगाडीच्या काळात चाललं, गाडी बांधावरून पण जायची. आता डाळिंबाला पिकअप, केळीला दहाचाकी, उसाला ट्रॅक्टर आणि मागं दोन ट्रॉल्या लागतात आणि बांध तर दर नांगरटीला वीतभर बारीक होत चाललेला. व्यापारी बागेत येऊन जागेवर सौदा करतो तेव्हा आधी माल बघत नाही, आधी विचारतो गाडी कुठपर्यंत येती. गाडी बागेपर्यंत येत नसेल तर कॅरेट डोक्यावर वाहायची मजुरी दरातून कापली जाते. वाट नसलेल्याचा ऊस शेजाऱ्याचा तुटेपर्यंत थांबतो, तोवर त्याला तुरे येतात.

कायद्यानं दोन रस्ते आहेत. असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5, त्यात अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा, हे लोकांना कळतं सातव्या महिन्यात. मुळातच वाट नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143, त्यात तहसीलदार बांधावरून नवी वाट देऊ शकतो. निकाल लागला तरी अंमलबजावणीला पोलीस बंदोबस्त आणि जेसीबी लागतो, आणि जेसीबी गेल्यावर रात्रीत चर परत खणला जातो. नोव्हेंबर 2021 मध्ये मातोश्री पाणंद (शेतवाटा) रस्ते योजना आली, मुरूम पडला तिथं फरक दिसतो, पण त्यातही शेवटचा अर्धा किलोमीटर कुणाच्या तरी हट्टापायी राहतोच.

जाणं-येणं

एसटी गावठाणापर्यंत येते, वस्तीपर्यंत नाही. मुक्कामी गाडी रात्री यायची आणि सकाळी तालुक्याला निघायची, तिच्या वेळेवर सगळ्या गावाचं घड्याळ चालायचं. फाट्यावरून पुढं वडाप, म्हणजे ज्या जीपमध्ये दहा बसतात तिच्यात अठरा. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बाजारच्या दिवशी गाडीत पुरुषांना उभं राहायची सवय लागली. वस्तीवर खरी सत्ता मोटारसायकलची, दुधाचे दोन कॅन, खताचं पोतं, पोरगं शाळेला आणि म्हातारी दवाखान्यात, सगळं तिच्यावरच. पत्ता सांगायची भानगड पूर्वी मोठी होती (कॅनॉल ओलांडा, लिंबाचं झाड, मग डीपी, मग कुत्रं भुंकेल), आता लोकेशन टाकतात आणि तरी पार्सलवाला फाट्यावरच थांबतो.

करमाळ्याला उजनीच्या फुगवट्याकडं, म्हणजे धरणाचं पाणी मागं पसरलंय तिकडं, प्रकार निराळा. कंदर, कुगाव या बाजूला जी नाईन जातीच्या केळीचा पट्टा आहे, माल परदेशी जातो, पण समोरच्या इंदापूरच्या काठावर जायचं तर रस्त्यानं मोठा फेरा, म्हणून लोक बोटीनं जायचे. 21 मे 2024 ला कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि 6 जण बुडाले. पाण्यानं तिथल्या वस्त्यांना बंगले दिले आणि तिथली वाट पण पाण्यानंच तोडली.

रेल्वेचा संबंध इथं जुना आहे. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1897 ला बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीला सुरू झाली, 1906 ला पंढरपूरला पोचली. आणि 28 डिसेंबर 2020 ला देशातली 100 वी किसान रेल सांगोल्याहून थेट बंगालमध्ये शालिमारला गेली.

वर्षाचा फेरा

डाळिंबवाल्याचं वर्ष बहारावर (फुलं धरायच्या हंगामावर) असतं, मृग, हस्त किंवा आंबे बहार. ताण द्यायचा म्हणजे पाणी तोडायचं, पानगळ करायची, पहिलं पाणी सोडायचं आणि मग पाचेक-सहा महिने तेल्या रोगाचा डाग दिसतोय का म्हणून पानं उलटी करून बघायची. उन्हानं फळ करपू नये म्हणून बागेवर जुन्या साड्या टाकतात, किलोवर मिळतात, लांबून सगळा माळ वाळत घातल्यासारखा दिसतो. मर रोगानं आणि खोडकिडीनं सांगोल्यात बऱ्याच बागा काढाव्या लागल्या, तिथं आता पेरू, ऊस, केळी असं काहीही दिसतं. उसाच्या हंगामात बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, वस्तीशेजारी कोप्या (झोपड्या) पडतात, हे लोक वस्तीवर पाच महिने राहतात आणि त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, फक्त मुकादमाच्या वहीत.

पोरांना चौथीपर्यंत वस्तीवरची झेडपीची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. त्यापुढं सायकल.

जिल्ह्याच्या पूर्वेला, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शीकडं वस्त्या त्या मानानं कमी, लोक अजून गावात माळवदाच्या घरांत राहतात. तिकडं मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते, कडब्याची खोप करून पूजा, आंबील, भज्जी, सगळं गाव त्या दिवशी रानात. वस्तीवरच्यांची पंचाईत ही की ते आधीच रानात, मग ते शहरातल्या पाहुण्यांना बोलावतात. पाहुणे कार घेऊन येतात, शेजाऱ्यानं गव्हाला सोडलेलं पाणी नेमकं त्याच दिवशी वाटेवर आलेलं असतं, आणि आंबील प्यायच्या आधी ट्रॅक्टर लावून कार ओढावी लागते. ट्रॅक्टर बहुतेक त्याच शेजाऱ्याचा असतो.