रोमन कमान

रोमन कमान : प्राचीन रोमन बांधकामातील, पाचरीच्या आकाराचे दगड किंवा विटा अर्धवर्तुळात रचून केलेली भार पेलणारी रचना. इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून पूल, जलसेतू, रंगमंडले, स्नानगृहे, गोदामे आणि वेशी अशा सर्व प्रकारच्या बांधकामांत रोमनांनी ती वापरली.

कमानीचा शोध रोमनांनी लावला, हा समज चुकीचा आहे. मेसोपोटेमिया व ईजिप्तमध्ये त्याच्या कितीतरी आधी विटांच्या कमानी होत्या. ईजिप्तमधील रामेसियम मंदिराला लागून असलेली इ. स. पू. तेराव्या शतकातील कोठारे कच्च्या विटांच्या कमानी छतांची आहेत. दक्षिण इटलीतील वेलिया या ग्रीक वसाहतीत दगडी कमानीचा दरवाजा आहे आणि रोमनांचे शेजारी असलेल्या एट्रुस्कनांनीही नगरांच्या वेशी कमानींनी बांधल्या. या सर्वांना कमान येत होती, पण तळघर, गटार, वेस यांपलीकडे तिला त्यांनी फारसे नेले नाही. रोमनांनी तिला तिथून बाहेर काढले आणि तिचा रेटा कुठे न्यायचा, हे नीट ओळखले.

हा रेटा समजून घेतल्याशिवाय रोमन बांधकाम कळत नाही. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र सोसत नाही. दोन खांबांवर आडवी दगडी तुळई टाकली की तिच्या खालच्या बाजूला ताण येतो आणि अंतर वाढले तर ती मधोमध तडकते. ग्रीक मंदिरांतले खांब इतके जवळजवळ असतात, त्यामागे हेही कारण आहे. कमानीत प्रत्येक पाचरी दगड शेजारच्या दगडावर रेलतो, त्यामुळे सगळीकडे दाबच राहतो आणि लहान दगडांतूनही मोठा गाळा (दोन आधारांमधील अंतर) साधतो. याची किंमत म्हणजे पायथ्याशी बाहेरच्या बाजूला बसणारा रेटा. गच्च भरलेल्या लोकलमध्ये मधला प्रवासी पडत नाही, कारण दोन्हीकडून त्याला दाबलेले असते. दारातल्याला मात्र दांडा घट्ट धरावा लागतो. कमानींच्या रांगेतही मधल्या खांबांवर दोन्हीकडचे रेटे एकमेकांना तोलून धरतात आणि शेवटच्या खांबावर सगळे येऊन पडते. इ. स. पू. पहिल्या शतकातील वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस याने म्हणूनच टोकाचे खांब जास्त रुंद बांधावेत असे सांगून ठेवले आहे.

कमान पुरी होईपर्यंत ती स्वतःला पेलू शकत नाही. आधी लाकडी साचा उभारायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड चढवत न्यायचे, माथ्यावर कळीचा दगड बसवायचा आणि मगच साचा काढायचा. कळीच्या दगडाभोवती बरेच कौतुक जमले असले, तरी तो शेवटी बसतो एवढेच त्याचे वेगळेपण. भार वाहण्यात बाकीचे दगड त्याच्या बरोबरीचेच असतात. खरी बचत साच्यात होती. एकाच मापाच्या अर्धवर्तुळाकार कमानी ओळीने बांधायच्या असल्या की तोच साचा पुढच्या गाळ्याला वापरता येई. फ्रान्समधील नीम शहराला पाणी पुरवणाऱ्या, इ. स. पहिल्या शतकातील पाँ द्यु गार या जलसेतूवर याच्या खुणा आजही दिसतात. त्याच्या दर्शनी भागातून आणि कमानींच्या बुडाशी दगडांची टोके बाहेर आलेली आहेत. साचा व परांची टेकवण्यासाठी ती ठेवली होती आणि काम झाल्यावर तासून टाकण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. सुमारे ४९ मी. उंचीच्या या तीनमजली सेतूचे खालचे दोन मजले चुना न वापरता केवळ घडीव दगडांच्या वजनावर उभे आहेत. सर्वांत मोठा गाळा सुमारे २४.५ मी. आहे.

जलसेतूंच्या छायाचित्रांमुळे रोमनांचे पाणी कमानींवरूनच वाहत असे, असे वाटते. प्रत्यक्षात पाटांचा बहुतेक भाग जमिनीखालून जाई. दरी किंवा सखल मैदान आडवे आले आणि पाण्याचा बारीक उतार टिकवायचा असला, तरच कमानी उभारल्या जात. कमानींचे काम खर्चाचे होते आणि रोमन अभियंते हिशेबी होते.

पुलांमध्ये रोममधील एमिलियस पुलाला इ. स. पू. १४२ मध्ये दगडी कमानी मिळाल्या. त्याचा आज एकच गाळा उरला आहे. टायबर नदीवरील इ. स. पू. ६२ चा फाब्रिसियस पूल मात्र अजूनही पायी वापरात आहे. त्याच्या दोन मोठ्या कमानींच्या मधल्या खांबात आणखी एक छोटी कमान ठेवली आहे. पूर चढला की पाणी तिच्यातूनही निघून जाते आणि पुलावरचा जोर कमी होतो. ट्रेजन सम्राटाच्या काळात, इ. स. दुसऱ्या शतकाच्या आरंभी बांधलेला स्पेनमधील अल्कांतारा पूल सहा कमानींचा आहे. त्याचे गाळे पुढे लढायांमध्ये अनेकदा पाडले गेले आणि पुन्हा बांधले गेले.

इ. स. ८० मध्ये खुल्या झालेल्या, रोममधील कोलोसियम या रंगमंडलाच्या तळमजल्यावर ८० कमानी होत्या. त्यांपैकी ७६ प्रवेशद्वारांवर क्रमांक कोरलेले होते आणि प्रेक्षक आपापल्या क्रमांकाच्या दारातून आत जात. काही क्रमांक आजही वाचता येतात. लंबवर्तुळाकार भिंतीत कमानींच्या रांगेला टोकच नसल्याने शेजारच्या कमानींचे रेटे एकमेकांना सावरून धरत. इ. स. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडील बाहेरचे कडे कोसळले आणि उरलेल्या भिंतीला दोन उघडी टोके आली. पूर्वेकडचे टोक ढळू लागले, तेव्हा १८०६-०७ च्या सुमारास वास्तुविशारद राफाएले स्टर्न याने तिथे विटांचा प्रचंड टेकू बांधला आणि लगतच्या कमानी विटांनी बुजवून टाकल्या. निसटू लागलेले दगड होते त्या जागीच अडकले. माथ्याचे दगड खाली घसरलेल्या अवस्थेत आजही तिथे दिसतात. कमान मोडताना नेमके काय होते, ते इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाहायला मिळते. पश्चिमेच्या टोकाला १८२० च्या दशकात जुझेप्पे व्हालादिए याने दिलेला आधार दिसायला अधिक देखणा आहे, पण शिकायला स्टर्नचा टेकू बरा.

चुना, दगडगोटे आणि पोत्सुओली परिसरातील ज्वालामुखीय राख यांच्या रोमन काँक्रीटने कमानीला तिसरी मिती दिली. कमान एकाच दिशेने लांबवत नेली की लांबट कमानी छत होते. अशी दोन छते काटकोनात छेदली की भार चार कोपऱ्यांवर येतो आणि भिंतींत मोठ्या खिडक्या ठेवता येतात. रोममधील डायोक्लीशन सम्राटाच्या स्नानगृहातील असे छत आज एका चर्चवर शाबूत आहे. रोममधील पँथिऑन या मंदिराचा ४३.३ मी. व्यासाचा घुमट (इ. स. सु. १२६) ज्या जाड गोल भिंतीवर आहे, तिच्यात विटांच्या कमानी दडवलेल्या आहेत. बाहेरून भिंतीचा गिलावा गेलेला असल्याने त्या उघड दिसतात.

टायटस (इ. स. सु. ८१), सेप्टिमियस सेव्हेरस (२०३) आणि कॉन्स्टंटाइन (३१५) या सम्राटांच्या विजयकमानी सर्वाधिक प्रसिद्ध आहेत. स्थापत्याच्या दृष्टीने त्यांत नवे काही नाही. वर पेलायला पूल नाही, पाणी नाही. तो कोरीवकामाचा फलक आहे. कॉन्स्टंटाइनच्या कमानीवरील बरीच शिल्पे तर ट्रेजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस यांच्या स्मारकांवरून काढून आणलेली आहेत.

रोमन कमानी उभ्या राहत होत्या त्या काळात, इ. स. पहिल्या शतकाच्या सुमारास, सह्याद्रीत कार्ले येथील चैत्यगृह कोरले गेले; तिथल्या दात्यांमध्ये यवनांची (ग्रीक वा पश्चिमेकडील परकीयांची) नावे कोरलेली आहेत. चैत्याच्या दर्शनी भागावरची घोड्याच्या नालासारखी कमान देखणी आहे, पण ती लाकडी बांधणीची खडकात केलेली प्रतिकृती आहे. छताखालच्या लाकडी फासळ्याही भार पेलत नाहीत, तो डोंगरच पेलतो. भितरगावच्या गुप्तकालीन विटांच्या मंदिरासारखे अपवाद वगळता पाचरी दगडांची खरी कमान भारतात तेराव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ झाली. तीही रोमहून थेट आली नाही, तर पश्चिम व मध्य आशियातील कारागिरांच्या परंपरेतून आली. दिल्लीतील सुलतान बल्बनची कबर हे तिचे सुरुवातीचे उदाहरण मानतात.